हळू आवाजाचा माणूस

नववीत असताना वर्ड ऑफ कमांडच्या चाचणीत मी नापास झालो. मैदानाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला माझी स्क्वॉड आणि बाजूला उस्ताद. मी ‘दाहिने मुड’ म्हणालो, ते जवळच्या तिघांनाच ऐकू गेलं. ते तिघे वळले, बाकीचे सरळ उभे. उस्ताद रागावले नाहीत. ‘बेटा, पेट से निकालो, गले से नहीं,’ एवढंच म्हणाले. पण त्या दिवशी माझ्यापायी सगळ्या स्क्वॉडला मैदानाच्या दोन फेऱ्या पडल्या. आमच्या शाळेत आवाज नसलेल्या कॅडेटचं कसं होतं, हे वाचणाऱ्या प्रत्येक कॅडेटला माहीत आहे.

त्या सुट्टीनंतर आप्पा मला शाळेत सोडायला निघाले, तेव्हा ताईनं तिचा जुना एमपी-थ्री प्लेअर माझ्या हातात ठेवला. म्हणाली, ‘गाडीत ऐक. शाळा आली की आप्पांकडे परत दे.’ भुसावळ गेलं, डब्यातले दिवे विझले, तेव्हा मी तो कानाला लावला. एक माणूस आणि एक नायलॉनच्या तारांची गिटार. ढोल नाही, ऑर्गन नाही. शेजारच्या बर्थवरून कुणी आपल्याशीच बोलावं तसा आवाज. अकरा गाणी, सगळी मिळून जेमतेम अर्ध्या तासाची, आणि एकाही गाण्यात तो आवाज चढत नाही. मी इटारसी येईपर्यंत तेच पुन्हा पुन्हा ऐकलं.

अल्बमचं नाव ‘व्हिनियर’. आमच्या गावचा सुतारही हा शब्द वापरतो; प्लायवूडवर चिकटवतात तो लाकडाचा पातळ थर. गायकाचं नाव होसे गोन्सालेस, गाव स्वीडनमधलं गोथेनबर्ग. मला आधी वाटलं, याला मोठ्यानं गाता येत नसेल, म्हणजे माझाच भाऊ. नंतर कळलं की तरुणपणी तो हार्डकोर पंक बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा. ते संगीत म्हणजे नुसता गोंगाट आणि आरडाओरडा. म्हणजे मोठा आवाज त्याला चांगला ठाऊक होता. हे वाचून मी थोडा खट्टू झालो, खरं सांगायचं तर.

तो विद्यापीठात जीवरसायनशास्त्रात पीएच.डी. करत होता आणि फावल्या वेळात गाणी करत होता. अल्बम 2003 मध्ये स्वीडनमध्ये निघाला आणि तिथे गाजला. तिथलं गाणं जगभर कसं गेलं, ती गंमत निराळी आहे. ‘हार्टबीट्स’ हे त्यातलं गाणं मुळात त्याचं नव्हेच. ‘द नाइफ’ नावाच्या स्वीडिश भाऊ-बहिणीच्या जोडीचं ते इलेक्ट्रॉनिक, नाचायचं गाणं. यानं त्यातलं सगळं यंत्र काढून टाकलं आणि फक्त गिटार व शब्द ठेवले. 2005 मध्ये सोनीनं रंगीत टीव्हीच्या जाहिरातीसाठी सॅन फ्रान्सिस्कोच्या उतरत्या रस्त्यांवर अडीच लाख रंगीत चेंडू सोडले. एवढे चेंडू उसळताहेत, आणि मागे हे हळू गाणं. जानेवारी 2006 मध्ये ते ब्रिटनच्या यादीत पहिल्या दहांत होतं. टीव्ही विकायला निघालेल्या लोकांनी गाणं घरोघर पोहोचवलं. माझा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

पण मला खरा अडला तो त्याच्या आडनावाचा प्रश्न. स्वीडनच्या माणसाचं आडनाव गोन्सालेस कसं? लायब्ररीत शोधलं. त्याचे आईवडील अर्जेंटिनाचे. 24 मार्च 1976 रोजी तिथल्या सैन्यानं सरकार उलथवलं आणि त्यानंतर हे कुटुंब देश सोडून स्वीडनला गेलं. होसेचा जन्म 1978 चा, गोथेनबर्गमधला. 1983 पर्यंत अर्जेंटिनावर गणवेशातल्या लोकांचं राज्य होतं. माणसं घरातून उचलली जात आणि परत येत नसत. मानवी हक्क संघटना असे बेपत्ता 30,000 सांगतात.

पुढचं वाचलं ते मी दोनदा वाचलं. ब्युनोस आयर्समध्ये नौदलाची एक तांत्रिक प्रशिक्षण शाळा होती. धरून आणलेल्यांचा छळ त्या शाळेच्या आवारातच होई. अधिकाऱ्यांच्या क्लबच्या इमारतीत कैदी तळघरात आणि वर छपराखाली ठेवलेले, आणि मधल्या मजल्यांवर अधिकारी झोपत. आता तिथे संग्रहालय आहे. 2023 मध्ये युनेस्कोनं त्याला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं.

म्हणजे तीही एक शाळा होती. तिथेही पहाटे फॉल-इन होत असेल, बूट पॉलिश होत असतील, माझ्या वयाची पोरं ‘सावधान’ला ताठ उभी राहत असतील. त्या आठवड्यात मी संध्याकाळी म्युझिक रूममध्ये गिटार हातात घेतली आणि वाजवेना. जी गाणी मला परक्या बराकीत पहिल्या वर्षी झोपवायची, ती गाणाऱ्याच्या आईबापांना माझ्यासारख्याच खाकीतल्या माणसांनी देशाबाहेर घालवलं होतं. हे मित्रांना सांगितलं, तर एक म्हणाला, ‘तू फार विचार करतोस.’ दुसरा काही बोलला नाही, पण पुस्तक माझ्याकडून घेऊन गेला.

सुट्टीत आप्पांना विचारलं. आप्पा तोफखान्यात चोवीस वर्षं होते आणि तोफांनी त्यांचे कान बरेचसे नेले आहेत, त्यामुळे हा अवघड विषय मला अंगणात ओरडून सांगावा लागला. पेट से. शेजारच्या काकू बाहेर येऊन बघून गेल्या. आप्पांनी सगळं ऐकलं. मग म्हणाले, ‘भरतीला आम्ही शपथ घेतली ती संविधानाची. साहेबाचा हुकूम मानायचा हे त्यात आहेच, पण नाव पहिलं संविधानाचं आहे. तू जेव्हा घेशील तेव्हा शब्द नीट ऐकून घे. आमच्या तुकडीत निम्मे नुसते ओठ हलवत होते.’ आणि थोड्या वेळानं म्हणाले, ‘त्या पोरांनापण कुणी शिकवलंच असेल की काहीतरी.’ यावर मी अजून विचार करतो आहे.

होसेनं 2021 मध्ये काढलेल्या अल्बममध्ये स्पॅनिश, स्वीडिश आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतली गाणी आहेत. आईबापांची भाषा अल्बमवर यायला इतकी वर्षं लागली. घरी मराठी, बराकीत हिंदी आणि वर्गात इंग्रजी बोलणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यात नवल वाटणार नाही. मला स्पॅनिश येत नाही, तरी त्याच्या तोंडी ती भाषा जरा जास्त सैल, घरातल्यासारखी वाटते.

त्याच सुट्टीत आप्पा म्हणाले, ‘ते गाणं ऐकव तरी.’ इअरफोन लावले, आवाज पूर्ण वाढवला. त्यांनी मान हलवली. ‘काही नाही रे, नुसती खरखर.’ मग मी ताईच्या मैत्रिणीची गिटार मागून आणली आणि पडवीत बसून वाजवायला लागलो. अंगठा जाड तारांवर चालता ठेवायचा आणि बाकीची बोटं वर फिरवायची, एवढंच मला साधलं आहे. दोन ठिकाणी अजून अडतो. आप्पा जवळ सरकले आणि त्यांनी पंजा गिटारच्या लाकडावर सपाट टेकवला. गाणं संपेपर्यंत तो तिथेच होता.

‘जाड तार कळते,’ म्हणाले. ‘परत वाजव.’

मी परत वाजवलं. तेवढ्यात आईनं आतून जेवायला हाक मारली. ती मात्र आप्पांना पहिल्यांदाच ऐकू आली.