अधिक-उणे

मापाच्या बाबतीत आपण मध्यमवर्गीय माणसं फार काटेकोर. भाजीवालीचा काटा केसभर इकडचा तिकडे झाला, की भर बाजारात न्यायालय भरवतो. मी मात्र पोटासाठी जे मोजतो ते ना दिसतं, ना पिशवीत घालून घरी नेता येतं.

विजेच्या उपकरणांना आजूबाजूला लहरी सोडायची खोड असते. शेजारीण मिक्सर लावते आणि आपल्या रेडिओवरच्या गवयाचा घसा बसतो, तो याच खोडीमुळे. ही खोड मर्यादेत आहे ना, हे बघणं माझं काम. त्यासाठी एक खास खोली असते. लहरी आपटून परत येऊ नयेत म्हणून तिच्या भिंतींना, छताला टोकदार सुळके. मधे फिरत्या पाटावर यंत्र बसवायचं आणि तीन मीटरवरच्या अँटेनाने त्याला सगळ्या अंगांनी न्याहाळायचं. मुलगी बघायला येणारेसुद्धा इतके चौकस नसतात!

एवढं करून येणाऱ्या आकड्यापुढे आम्ही लिहितो, 'अधिक-उणे अमुक'. अँटेना, केबल, रिसीव्हर, भिंती, प्रत्येकाची थोडी थोडी शंका. त्यातून ६ गिगाहर्ट्‌झला लहर जेमतेम ५ सेंटिमीटरची. यंत्राची वायर दोन बोटं सरकली की आकडा रुसतो. १९३४ साली स्थापन झालेल्या 'सिस्प्र' या आंतरराष्ट्रीय समितीने १ ते ६ गिगाहर्ट्‌झच्या या मोजणीत ५.२ डेसिबलपर्यंतची अनिश्चितता चालवून घेतली आहे. प्रयोगशाळेची त्याहून जास्त असेल, तर जास्तीचा भाग आकड्यात मिळवून मग निकाल द्यायचा. ५.२ म्हणजे किती? आम्ही १०० म्हटलं, तर खरं माप ५५ असेल, नाहीतर १८२! आणि हीसुद्धा शंभरातल्या पंचाण्णव वेळांचीच हमी. भाजीवालीने असं माप घातलं तर?

एकदा एक छोटे कारखानदार आले. घर गहाण टाकून यंत्र बनवलेलं. आकडा मर्यादेच्या ०.४ डेसिबल खाली.

"पास ना, साहेब?"

"पास."

"नक्की?"

आता काय सांगणार? नियमाने पास. पण हेच यंत्र दुसऱ्या प्रयोगशाळेत नापास होऊ शकतं, आणि दोन्ही प्रयोगशाळा प्रामाणिक. म्हटलं, "अजून तीन-चार डेसिबल खाली आणा, म्हणजे रात्री झोप लागेल."

"म्हणजे तुमचं मोजणं चुकीचं?"

"नाही हो. किती चुकू शकतं तेही आम्ही सांगतो, इतकंच."

ते विचारात पडले. महिन्याभराने परत आले, ते चार डेसिबल उतरवूनच. पेढेही आणले. मोजून अर्धा किलो.

तेव्हापासून वाटतं, हे अधिक-उणे सगळीकडेच लिहायला हवं. ज्योतिषाच्या भविष्यापुढे, पुढाऱ्याच्या आश्वासनापुढे, 'दहा मिनिटांत पोचतोच' म्हणणाऱ्या पाहुण्यापुढे. आपल्या ठाम मतांपुढे तर आधी. निम्मी भांडणं तिथेच मिटतील.

परवा बायकोने विचारलं, "भाजी कशी झालीय?"

"उत्तम," मी म्हटलं. अधिक-उणे गिळलं, भाजीबरोबर.