घाटात ओव्हरटेक करायचा नसतो

गेल्या जुलैत ऑफिसच्या कामासाठी फ्रान्समधल्या नीसला गेलो होतो. रविवार मोकळा मिळाला, तशी ट्रेन पकडून मोनॅको गाठलं. फॉर्म्युला वनचं वेड मला दहावीपासूनचं. त्या गावातली वळणं मला तोंडपाठ आहेत. राजवाडा बघायचा बेत मात्र नव्हता. राजवाडा म्हणजे जन्मानं मिळालेलं आणि रेस म्हणजे हिमतीवर कमावलेलं, असं माझं साधं गणित होतं. पण सगळी गर्दी कड्यावरच्या राजवाड्याकडे निघालेली, म्हणून मीही चढलो.

तिथं रोज ११ वाजून ५५ मिनिटांनी पहारा बदलतो. पांढरे गणवेश, मोजलेली पावलं, आणि समोर फोन उंचावून उभी असलेली शेकडो माणसं. काही मिनिटांत सगळं आटोपलं. मला एकदम पिट स्टॉप आठवला. तिथंही प्रत्येकाची जागा आखलेली असते, दोन-अडीच सेकंदांत चार चाकं बदलतात आणि सगळे मागे सरकतात.

मग साम्यं दिसतच गेली. १२९७ साली फ्रान्स्वा ग्रिमाल्डीनं साधूचा वेश घेऊन हा किल्ला बळकावला, असं सांगतात. राजचिन्हावर आजही तलवारी घेतलेले दोन साधू आहेत. आणि रेस? मोनॅकोच्या ऑटोमोबाइल क्लबला आंतरराष्ट्रीय मान्यता हवी होती. अट अशी की स्पर्धा स्वतःच्या हद्दीत झाली पाहिजे. देश जेमतेम दोन चौरस किलोमीटरचा. मग आंतोनी नोगेस यांनी गावातले रस्तेच ट्रॅक केले आणि १९२९ साली पहिली शर्यत झाली. म्हणजे वाडा काय नि रेस काय, दोन्ही एकच सांगतात: आम्ही लहान आहोत, पण आम्हाला मोजा.

वाड्यासमोरच्या चौकाच्या कठड्यावरून खाली बंदर दिसतं आणि त्याच्या कडेनं रेसचा रस्ता. ३.३३७ किलोमीटरच्या ७८ फेऱ्या, आणि रस्ता इतका अरुंद की पुढच्याला मागे टाकणं जवळपास अशक्य. २०२४ साली पहिले दहा जण ज्या क्रमानं सुटले, त्याच क्रमानं पोचले. जिंकला तो इथंच वाढलेला शार्ल लक्लेर. मी ती रेस पुण्यातल्या फ्लॅटवर बघितली होती आणि आनंदानं ओरडलो होतो. त्या कठड्याशी उभा असताना मात्र वाटलं, जागा आधीच ठरलेल्या असतील तर ही राजगादीच झाली की.

इथं मला बाबा आठवले. ते एसटीत ड्रायव्हर होते, कोल्हापूर-रत्नागिरी, आंबा घाटातून. पहिलं प्रमोशन मिळालं तेव्हा कशावरून तरी आमचं वाजलं आणि मी बोलून गेलो, ‘‘तुम्ही आयुष्यात कधी कुणाला ओव्हरटेक केलंच नाही, बाबा.’’ ते हसले. म्हणाले, ‘‘घाटात ओव्हरटेक करायचा नसतो, लेका.’’ मला ती पळवाट वाटली होती.

बाबा थोरले. दहावीनंतर त्यांची शाळा सुटली, कारण पाठीमागे तिघं भावंडं होती. माझ्या वेळी मात्र पुण्यातली खोली, क्लासची फी, लॅपटॉप, सगळं वेळेवर आलं. मेहनत मी केली, ते खोटं नाही. पण मी सुटलो कुठून, हे ओव्हरटाइम करकरून त्यांनी ठरवलं होतं. आणि ते मी माझ्या हुशारीच्या खात्यात जमा करून बसलो होतो.

खाली उतरून मी हॉटेलजवळच्या त्या प्रसिद्ध हेअरपिनला गेलो. फॉर्म्युला वनमधलं सगळ्यात संथ वळण. लाल-पांढऱ्या कडेला उभं राहून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. एक बस वळत होती, ती दाखवली.

‘‘बाबा, इथं आपली एसटी वळली असती?’’

त्यांनी चष्मा चढवला, नीट बघितलं. ‘‘एका दमात नाही. थोडी मागं घ्यावी लागली असती.’’

‘‘मग मीपण घेतो मागं. त्या दिवशी ओव्हरटेकचं बोललो होतो ते.’’

थोडा वेळ ते गप्प होते. कॉल कट झाला की काय, म्हणून मी स्क्रीनकडे बघितलं.

‘‘मागनं गाडी येत्येय बघ,’’ ते म्हणाले. ‘‘कडेला हो आधी.’’