अर्ध्यावर ठेवता येणारा खेळ

संध्याकाळी कुकर लावला की शिट्ट्या होईपर्यंतचा वेळ माझा असतो. तेवढ्यात पुस्तक उघडावं तर मन लागायच्या आत उठावं लागतं, आणि सिनेमाचा तर प्रश्नच नाही. त्या वेळात मी ‘ब्रेइड’ खेळते.

जोनाथन ब्लो यांनी रचलेला आणि डेव्हिड हेलमन यांच्या चित्रांनी सजलेला हा खेळ २००८ साली आला. कोट-टाय घातलेला टिम शिड्या चढत, खड्डे ओलांडत राजकन्येला शोधत फिरतो. उडी चुकली तर एक बटण दाबून धरायचं, की काळ मागे सरकतो. खड्ड्यात पडलेला टिम अलगद काठावर येतो आणि संगीतही उलटं वाजू लागतं. इथे जीव मोजून दिलेले नाहीत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची शिक्षाही नाही. दिवसभर घाईत वावरणाऱ्या माणसाला ही मोकळीक फार मोलाची वाटते.

त्यातल्या तिसऱ्या जगात काही वस्तू हिरव्या तेजाने चमकतात. काळ मागे नेला तरी त्यांना त्याची बाधा होत नाही. तिथे एक किल्ली खोल खड्ड्यात पडलेली आहे. खाली उतरता येतं, पण वर यायला वाट नाही. टिमला काठावर उभा करून मी बघत राहिले. तेवढ्यात कुकर झाला आणि लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी बसच्या रांगेत उभी असताना एकदम उलगडा झाला. सरळ उडी मारायची, किल्ली उचलायची आणि काळ मागे न्यायचा! टिम वर परततो आणि हिरवी किल्ली त्याच्या हातातच राहते. घरी जाऊन करून बघायला दोन मिनिटंही लागली नाहीत, पण रांगेतला तो आनंद दिवसभर पुरला.

दुधाला विरजण लावून झोपावं, तसं कोडं मनात ठेवून कामाला लागता येतं. खेळाची रचनाच तशी आहे. पाच जगांत चित्रांचे प्रत्येकी बारा, असे एकूण साठ तुकडे विखुरलेले आहेत. एखादा तुकडा हाती लागत नसेल तर तो तिथेच सोडून पुढच्या दारातून निघून जावं आणि सवड झाली की परत यावं. आठवून ठेवावं असं लांबलचक कथानक मागे लागत नाही. अडचण डोळ्यांसमोर मांडलेली असते, आणि तिच्यापर्यंत पोचायला फार चालावंही लागत नाही.

व्यापातून दहा मिनिटं काढता येतात, पण त्या दहा मिनिटांनी उरलेल्या दिवसाला काही द्यावं, असं क्वचित घडतं. हा खेळ ते देतो. बैठकीत, बाजारात, भाजी निवडताना डोक्यात काहीतरी शिजत असतं, आणि ते कुणाच्याही उपयोगाचं नसतं. केवळ माझ्या कुतूहलाचं असतं. इतरांच्या कामांनी भरलेल्या दिवसात स्वतःचा असा एक विचार सोबत असणं, हीच मला खरी फुरसत वाटते.