परक्याची ओसरी

आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरचीं छायाचित्रें, पत्रें व कुलवृत्तान्त आतां इंटरनेटवर कोणा तरी कंपनीच्या संगणकांत नांदत असतात. भाडें पडत नाहीं, म्हणून ती जागा आपलीच, असें आपण धरून चालतों. वस्तुतः ती परक्याची ओसरी आहे.

जिओसिटीज या संस्थेचें उदाहरण बोलकें आहे. १९९४ सालीं निघालेल्या या संस्थेनें लक्षावधि लोकांना आपलीं पानें मांडावयास फुकट जागा दिली. १९९९ सालीं याहू कंपनीनें ती विकत घेतली, आणि २६ ऑक्टोबर २००९ रोजीं अमेरिकेंतील तिचीं दारें लावून घेतलीं. कांहीं स्वयंसेवकांनीं धांवपळ करून पुष्कळसा भाग उतरवून घेतला. उरलेला लुप्त झाला. गूगल फोटोजची अमर्याद विनामूल्य साठवणहि १ जून २०२१ पासून थांबली. यांत यजमानाला दोष कां द्यावा? जाहिरातींच्या उत्पन्नावरील अन्नछत्र हिशेब जुळे तोंवरच चालावयाचें.

माझ्या दिवंगत पत्नीनें सांगितलेली हरतालिकेची कहाणी नातवानें अशाच एका जागीं ठेविली आहे. तो आवाज पुन्हां ऐकावयास मिळणें नाहीं. म्हणून मीं तिच्या तीन प्रती करविल्या. एक माझ्या कपाटांत, दोन मुलींच्या घरीं.

आपल्या पोथ्या टिकल्या त्या केवळ भूर्जपत्राच्या बळावर नव्हेत. पिढ्यान्‌पिढ्या कोणी तरी त्यांच्या नव्या प्रती उतरीत गेलें, म्हणून. तें लेखकूचें काम आतां प्रत्येक घरानें आपल्याकडे घ्यावें, हें बरें.