गोकुळधामचा बिल्डर कोण?

आमच्या बिल्डिंगमधली पोरं मला ‘भिडे’ म्हणतात. तोंडावर ‘काका’, पाठ वळली की ‘भिडे’. मला राग येत नाही. ‘तारक मेहता का उल्टा चष्मा’मधले आत्माराम तुकाराम भिडे आणि मी, दोघंही सोसायटीचे सेक्रेटरी. दोघंही मेंटेनन्ससाठी लोकांच्या दारात उभे राहणारे. दोघांच्याही घरात बायकोचा शब्द शेवटचा. फरक एवढाच की त्यांचं गाव रत्नागिरी, माझं जुन्नर. त्यांच्याकडे ‘सखाराम’ नावाची स्कूटर आहे, माझ्याकडे गुडघेदुखी.

पोस्ट मोठी आहे. सुरुवात मालिकेपासून करतोय, पण जायचंय घराच्या कागदांकडे. भिवंडीत ज्यांचा फ्लॅट आहे त्यांनी शेवटपर्यंत वाचा, ही विनंती.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्रीचे साडेआठ, टीव्हीवर मालिका चालू, माझ्या मांडीवर सोसायटीची फाइल. कंपाउंडमध्ये जेठालाल आणि भिडेंचं नेहमीचं वाजलं होतं. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, “काय गं, ह्या गोकुळधामचा बिल्डर कोण?”

बायको म्हणाली, “तुम्ही आधी आपला शोधा.”

तिला गंमत करायची होती. पण माझी झोप उडाली.

बघा ना. ही मालिका २८ जुलै २००८ ला सुरू झाली, चार हजारांहून जास्त भाग झाले. मूळ लेखक तारक मेहता, त्यांचं गुजराती ‘चित्रलेखा’तलं सदर १९७१ पासूनचं. एवढ्या वर्षांत आपल्याला गोकुळधामच्या प्रत्येक माणसाची कुळकथा पाठ झाली. जेठालाल कच्छमधल्या भचाऊचा. तारक मेहता अहमदाबादचे. भिडे रत्नागिरीचे, पोपटलाल भोपाळचा, अय्यर तमिळ, बबिता बंगाली, सोढी पंजाबी, डॉक्टर हाथी बिहारचे. पत्ता तर झोपेत विचारा: पावडर गल्ली, फिल्मसिटी रोड, गोरेगाव पूर्व.

पण ती बिल्डिंग कुठल्या साली उभी राहिली? जमीन आधी कुणाची होती? भोगवटा दाखला मिळालाय का? कन्व्हेयन्स झालंय का? तुमच्यापैकी कुणाला पटकन सांगता येईल? माणसांना गाव आहे, बिल्डिंगला सातबारा नाही.

गोष्टीला तो लागतही नाही म्हणा. गोकुळधाम म्हणजे फिल्मसिटीतला सेट. बाल्कनीतून ओरडणारा माणूस एका ठिकाणी, त्याच्या घराचा हॉल दुसऱ्या ठिकाणी. तिथला स्लॅब गळत नाही. तिथे एकच इतिहास पुरतो: देशभरातून लोक आले आणि एकत्र नांदू लागले.

आता भिवंडीला असल्या गोष्टीचं काय कौतुक? १८५७ नंतर उत्तरेकडून मोमीन विणकर इथे आले. तेलंगणातून पद्मशाली आले, पद्मानगर वसलं. आगरी, कोळी, कोकणी मुसलमान तर त्याच्याही आधीपासून. मग लूमवर युपी-बिहारची पोरं आली, घाटावरून आमच्यासारखे आले. मी सायझिंगमध्ये हिशेबनीस म्हणून लागलो तेव्हा पगाराच्या रजिस्टरवर चार लिप्यांत सह्या असायच्या. आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर मऊचे चाचा, दुसऱ्यावर तेलुगू अण्णा, पहिल्यावर खानदेशातल्या वहिनी.

एक गोष्ट मात्र मला त्या मालिकेत कायम खुपायची. सगळ्यांना फ्लॅट, अब्दुलला फक्त दुकान. रात्रीचा सोडा त्याच्याकडे, सुखदुःख त्याच्याकडे, घर मात्र सोसायटीबाहेर. मी दरवेळी म्हणायचो, ह्या माणसाचं नाव त्या सोसायटीच्या नकाशात का नाही? हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

तर आमची बिल्डिंग. हिचीसुद्धा एक कुळकथा आहे, तिघांकडून तीन प्रकारे ऐकलेली. अण्णा म्हणतात इथे लूमची शेड होती. चाचा म्हणतात भाताचं शेत होतं, बेडूक ओरडायचे. वहिनींच्या सासऱ्यांच्या मते बिल्डर देवमाणूस, हप्ता चुकला तरी बोलायचा नाही. तिन्ही कथांचा शेवट एकच: “तेव्हा असंच चालायचं.” मीही १९९५ मध्ये बायकोचे दागिने मोडून फ्लॅट घेतला, बिल्डरनं कागद दिला, सही केली. कोणता कागद दिला नाही ते विचारलं नाही. घरपट्टीची पावती आली की वाटायचं, झालं, घर आपलं.

मग गेल्या जुलैत जिन्यातलं प्लास्टर पडलं. दूधवाला दोन मिनिटं आधी त्याच पायरीवर उभा होता.

भिवंडीत प्लास्टर पडलं की नुसतं प्लास्टर पडत नाही, मंडळी. २१ सप्टेंबर २०२० ची पहाट आठवते. पटेल कंपाउंडमधली जिलानी बिल्डिंग, लोक झोपेत, जवळपास ४० माणसं गेली. आम्ही धामणकर नाक्याकडे धावत गेलो होतो. ढिगाऱ्याजवळ कुणीही “तू कुठल्या गावचा” असं विचारत नव्हतं. सगळे एकच विचारत होते, बिल्डिंग किती जुनी होती, नोटीस होती का. त्या बिल्डिंगची कुळकथा त्या दिवशी सगळ्या शहरानं शोधली. एक दिवस उशिरा.

म्हणून आम्ही तपासणी करून घेतली. ३० वर्षं झालेल्या इमारतीची स्ट्रक्चरल तपासणी कायद्यानं करावीच लागते, आमची त्या वयात आलीच होती. इंजिनिअरनं कॉलम ठोकून पाहिले आणि विचारलं, “मंजूर नकाशा आहे?” नव्हता. पुनर्विकासासाठी एकाला बोलावलं, त्यानं चहा प्यायच्या आधी विचारलं, “कन्व्हेयन्स झालंय?” ते काय असतं, हे निम्म्या कमिटीला माहीत नव्हतं.

थोडक्यात सांगतो. १९६३ चा मोफा कायदा म्हणतो, बिल्डरनं जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची, नियमाप्रमाणे सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत. बिल्डर करत नाही. मग सरकारनं कायद्यात दुरुस्ती केली: बिल्डर आला नाही तरी सोसायटीनं जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करायचा आणि एकतर्फी मालकी मिळवायची. ह्यालाच मानीव अभिहस्तांतरण, आपल्या भाषेत डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणतात. ही दुरुस्ती कधीची? २००८ ची. गोकुळधाम ज्या वर्षी टीव्हीवर आलं त्याच वर्षीची. म्हणजे जितकी वर्षं आम्ही रोज रात्री दुसऱ्याच्या सोसायटीची भांडणं बघितली, तितकीच वर्षं आमच्या सोसायटीचा उपाय पुस्तकात पडून होता.

मग मी लागलो मागे. सातबारा काढला. बिल्डर नाहीच त्यावर, मूळ मालकाचे सात वारस, त्यातल्या दोघांच्याही वारसांची नोंद बाकी. अण्णांची शेड नाही, चाचांचं भाताचं शेत खरं निघालं. बिल्डरची भागीदारी केव्हाच मोडलेली. देवमाणूस देवाघरी गेलेला. शेवटी माहिती अधिकारात नकाशाची प्रत मागितली.

प्रत मिळाली त्या दिवशी मी खालीच, पायरीवर बसून ती उघडली. चष्मा पुसून दोनदा वाचलं.

मंजुरी: तळमजला अधिक तीन.

आमची बिल्डिंग तळमजला अधिक चार आहे. चौथ्या मजल्यावर चार फ्लॅट. त्यातला एक माझा.

गेली तीस वर्षं ज्या घरात राहतो, जिथून मुलीला सासरी पाठवलं, जिथे आईनं शेवटचा श्वास घेतला, ते घर कागदावर नाही. अब्दुल परवडला. त्याचं निदान दुकान तरी आहे.

आता खरं ते लिहितो. तो कागद मी अकरा दिवस कपाटात ठेवला. बायकोलासुद्धा दाखवला नाही. डोक्यात हिशेब चालू होता: हे बाहेर आलं तर पुनर्विकासात चौथ्या मजल्याला कोण जागा देईल? खालचे लोक म्हणतील, तुमचं मुळात नव्हतंच. प्रत माझ्या नावावर आलेली, मी सेक्रेटरी, मीच गप्प बसलो तर कुणाला कळणार? हिशेबनीस माणूस मी. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं जुळवली, आणि इथे स्वतःचं पान चिकटवून ठेवत होतो.

बाराव्या दिवशी इंजिनिअरचा अहवाल आला. त्यात एक ओळ होती: वरच्या मजल्याचा भार मूळ रचनेत धरलेला दिसत नाही, मोठी दुरुस्ती होईपर्यंत तो मजला रिकामा करावा.

म्हणजे मी लपवत होतो तो कागद फक्त माझ्या घराचा नव्हता. माझं घर वहिनींच्या पोरांच्या डोक्यावर होतं.

भिडेंसारखा आमच्याकडेही खाली एक फळा आहे, पोरांच्या हट्टानं लावलेला. रोज सकाळी सुविचार लिहितो. त्या दिवशी सुविचार लिहिला नाही. लिहिलं: ‘मंजूर नकाशा तळ + ३. प्रत्यक्षात तळ + ४. रविवारी सकाळी दहाला सर्वांनी सभेला यावे.’

सभा कशी झाली ते विचारू नका. मालिकेत असतं तसं वीस मिनिटांत सगळे गळ्यात पडले नाहीत. वहिनी सरळ म्हणाल्या, “भाऊजी, तुमच्या मजल्यामुळे आमचं अडकणार का?” मी म्हटलं, “अडकू शकतं.” एक जण म्हणाला, सेक्रेटरीनंच लपवलं, राजीनामा द्या. मी दिला. अकरा दिवस लपवलं होतंच. अण्णा मान खाली घालून बसले होते. मग चाचा बोलले, “चौथा माला चढा तब मैं नीचे खटिया डालके बैठा था, सेक्रेटरी साब. सबको दिखता था. पूछा किसीने नहीं.”

त्यावर कुणी काही बोललं नाही. कारण सगळ्यांना दिसलं होतं.

शेवटी ठराव झाले. डीम्ड कन्व्हेयन्सचा अर्ज करायचा. चौथ्या मजल्याचं कायद्यानं काय होतं ते वकील आणि आर्किटेक्टकडून लेखी घ्यायचं. दुरुस्तीपर्यंत आम्ही चार कुटुंबांनी भाड्यानं बाहेर राहायचं, निम्मं भाडं सोसायटीनं द्यायचं. दोन घरांनी विरोधात मत दिलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, त्यांच्या खिशातून जातंय. आणि माझा राजीनामा? नवीन सेक्रेटरी व्हायला कुणी तयार होईना, म्हणून परत माझ्याच हातात दिला. हे मात्र अगदी मालिकेसारखं झालं.

सध्या आम्ही कामतघरला एका खोलीत आहोत. अर्ज दाखल झालाय, सुनावणी व्हायचीय. चौथ्या मजल्याचं काय होणार, माझं घर नकाशात येणार की कायमचं जाणार, ते आज सांगता येत नाही. वाईट वाटतंच. पण पाऊस लागला की पूर्वी छातीत जे धडधडायचं, ते आता होत नाही.

तुम्हाला चार कामं सांगतो, फार खर्चाची नाहीत. एक, सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा, जमीन कुणाच्या नावावर आहे बघा. दोन, माहिती अधिकारात मंजूर नकाशाची प्रत मागवा आणि खाली उभं राहून मजले मोजा. तीन, सोसायटी नोंदलेली असेल आणि कन्व्हेयन्स नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडच्या अर्जाची तयारी सुरू करा. चार, बिल्डिंग तिशीला आली असेल तर तपासणी करून घ्या, प्लास्टर पडायची वाट बघू नका. आणि कागद हातात आला की कपाटात ठेवू नका.

गोकुळधामचा बिल्डर कोण हे कळलं नाही तरी चालेल. तुमचा कोण, हे कळलं पाहिजे.

माझ्या अर्जांच्या झेरॉक्स ठेवल्यात, ज्यांना हव्यात त्यांनी घेऊन जा. रोज सकाळी दहाला मी आमच्या बिल्डिंगखाली फळ्याजवळच असतो. वर यायची गरज नाही, वर सध्या कुणी राहत नाही.