वादक बाजूला सरतो तेव्हा

रोमँटिक काळातला पियानो कॉन्चेर्टो म्हणजे वादकाने आपलं सामर्थ्य दाखवण्याची हक्काची जागा, असा एक समज आहे. एकीकडे सत्तर-ऐंशी वाद्यांचा ताफा, दुसरीकडे एकटा माणूस, आणि त्या एकट्याने सगळ्यांना पुरून उरायचं. अनेक थोर वादकांनी हे कॉन्चेर्टो अशाच आवेशाने वाजवले आणि त्यातही आनंद आहेच. पण दिनू लिपातीचं वादन ऐकलं की सामर्थ्य या गोष्टीचाच नव्याने विचार करावा लागतो.

लिपाती रुमानियाचा. बुखारेस्टमध्ये 1917 साली जन्मला आणि 2 डिसेंबर 1950 रोजी जिनिव्हात गेला, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी. हॉजकिन्सच्या आजाराने त्याची उमेदीची वर्षं खाल्ली. त्यामुळे मागे राहिलेलं ध्वनिमुद्रण थोडं आहे. ग्रीगचा कॉन्चेर्टो त्याने सप्टेंबर 1947 मध्ये लंडनला वाद्यवृंदसंचालक अल्चेओ गालिएराबरोबर मुद्रित केला आणि शुमानचा एप्रिल 1948 मध्ये कारायानबरोबर. दोन्हींना साथ फिलहार्मोनिया वाद्यवृंदाची. त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम चार-साडेचार मिनिटं मावत. सबंध रचना तुकड्यातुकड्यांनी वाजवायची, मध्ये थांबायचं, आणि पुन्हा त्याच मनःस्थितीत शिरायचं. तरीही शुमानच्या पहिल्या भागाचा श्वास कुठे तुटलेला ऐकू येत नाही.

त्या पहिल्या भागाची गंमत अशी की तो जवळजवळ एकाच सुरावटीतून उभा राहिला आहे. शुमानने 1841 मध्ये तो स्वतंत्र ‘फँटसी’ म्हणून लिहिला आणि 1845 मध्ये आणखी दोन भाग जोडून त्याचा कॉन्चेर्टो केला. सुरुवातीला वाद्यवृंदाचा एकच ठोस आघात होतो, पियानोचे स्वरपुंज वरून झेपावत खाली येतात, आणि मग ओबो ती सुरावट मांडतो. पियानो तीच पुन्हा म्हणतो. पुढे ती मेजरमध्ये जाते, लय बदलते, कधी उजळते, कधी झाकोळते. ख्याल ऐकत वाढलेल्या कानाला ही बढत चटकन ओळखीची वाटते; एकच स्वरवाक्य किती अंगांनी पाहता येतं, याचा तो शोध असतो.

लिपाती ही सुरावट ओबोनंतर घेतो तेव्हा ‘आता माझी पाळी’ असा पवित्रा कुठेच नसतो. ओबोचं बोलणं नीट ऐकून घेतलेला माणूस जसं उत्तर देईल, तसं ते येतं. मधल्या संथ टप्प्यात क्लॅरिनेट आणि पियानो आळीपाळीने बोलतात. तिथे तो आवाज इतका बेताने खाली आणतो की क्लॅरिनेटला आपसूक जागा होते, आणि तरीही पियानोची एकही ओळ पुसट होत नाही. मधली बोटं एरवी नुसती साथ करतात, पण त्याच्या हाताखाली तिथलेही स्वर स्वतंत्रपणे गातात. एवढी ताकद असून ती न मिरवण्याला मी सामर्थ्य म्हणतो. भावना त्याने आवरून धरलेली नाही. ती नेमक्या जागी खर्च केली आहे, म्हणून ती खरी वाटते.

फेब्रुवारी 1950 मध्ये संचालक आन्सेर्मेबरोबर जिनिव्हात झालेल्या मैफलीतलं याच कॉन्चेर्टोचं वादनही उपलब्ध आहे. आजार तेव्हा बळावला होता. 1948 च्या वादनाला धारदार गती आहे. हे मैफलीतलं वादन मला अधिक मोकळं, अधिक सैल श्वासाचं वाटतं. पण त्यात करुणा मागणारा एकही स्वर नाही.

हे मुद्दाम सांगतो, कारण लिपातीच्या बाबतीत दंतकथा संगीताच्या आधी कानात शिरते. शोपँच्या पहिल्या कॉन्चेर्टोचं एक ध्वनिमुद्रण 1966 मध्ये त्याच्या नावाने बाजारात आलं आणि रसिकांनी ते त्याचंच म्हणून डोक्यावर घेतलं. ते वादन प्रत्यक्षात हालिना चेर्नी-स्तेफान्स्का या पोलिश पियानोवादिकेचं होतं, हे 1981 मध्ये उघड झालं. लिपातीचं खरं वादन 7 फेब्रुवारी 1950 च्या झुरिकच्या मैफलीतलं. तेही पुढे प्रसिद्ध झालं. मला या प्रकरणाचं वाईट वाटतं ते दोघांसाठीही. अल्पायुष्याच्या कहाणीचा पडदा इतका दाट होता की एका उत्तम वादिकेचं श्रेय त्याच्याआड गेलं, आणि लिपातीचं वादनही त्याच्या मरणाच्या उजेडातच ऐकलं गेलं.

त्याला स्वतःला असं ऐकलं जाणं रुचलं असतं असं त्याच्या वादनावरून तरी वाटत नाही. त्यात ‘माझ्याकडे पाहा’ असं कुठेच नाही. सगळं लक्ष शुमानकडे, ग्रीगकडे, शेजारच्या ओबोकडे वळवलेलं आहे. म्हणून ही ध्वनिमुद्रणं ऐकताना त्याच्या आजाराची तारीख विसरावी आणि तो ज्या स्वराकडे कान लावून बसला आहे, त्याच स्वराकडे आपणही कान लावावा. त्याच्याबद्दलची कृतज्ञता व्यक्त करण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.