धुक्यातला नवस

आमच्या देव्हाऱ्याशेजारी भिंतीवर एक फोटो लावलेला आहे. येणारीजाणारी प्रत्येक बाई तो बघते आणि विचारते, "हे काय गं? यात तर काहीच दिसत नाही!" तिचं चुकत नाही. फोटो चक्क वाकडा आला आहे. निम्म्याहून अधिक भाग नुसता पांढरा, खाली थोडं पाणी, आणि डाव्या कडेला एका झाडाची काळपट आकृती. बस्स. पण आमच्याकडे या फोटोला रोज उदबत्ती ओवाळली जाते.

माझ्या सासूबाईंचं माहेर चिमूरकडचं, अगदी जंगलाला लागून. त्यांच्या लहानपणी पौष महिना आला की गावातून बैलगाड्या जुंपून मंडळी ताडोबाच्या जत्रेला निघायची. आपण सगळे ताडोबा म्हटलं की वाघ म्हणतो, पण आमच्या आईंच्या लेखी ताडोबा म्हणजे देव. तारू नावाचा गावचा मुखिया होता, तो वाघाशी झुंजताना मेला आणि तलावाकाठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं झालं, असं इकडे सांगतात. आदिवासींचा तो मोठा देव. त्याच्याच नावावरून तलावाला आणि जंगलाला नाव पडलं. "पहाटे पोचलो का तलाव दिसेच ना," आई सांगतात. "पांढरं पांढरं सारं. मग हळूच झाड दिसे. झाड दिसलं का बाप म्हणे, हात जोडा रे पोट्टेहो."

हे तीन वर्षांचे असताना त्यांना टायफॉइड झाला होता. ताप उतरेना, तेव्हा आईंनी तारूला नारळ बोलला. हे बरे झाले, पण नारळ काही गेला नाही. आधी संसाराची ओढाताण, मग मुलांच्या शाळा, मग सासऱ्यांचं आजारपण. जंगलाचेही दिवस बदलत गेले. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ सालीच झालं होतं, राज्यातलं सर्वांत जुनं. शेजारचं अंधारी अभयारण्य १९८६ साली झालं आणि १९९५ मध्ये दोन्ही मिळून व्याघ्रप्रकल्प झाला. वाघांसाठी ते हवंच होतं. पण बैलगाडी जुंपून वाटेल तेव्हा देवाला जावं, ते दिवस संपले. त्यात गेल्या वर्षी आई न्हाणीघरात घसरल्या, खुब्याचं हाड मोडलं. आता त्या काठी घेऊन अंगणापर्यंत जातात. जिप्सीचे धक्के त्यांना सोसणं शक्यच नाही.

डिसेंबरात एका रात्री मी पाय चेपत होते तेव्हा म्हणाल्या, "मी आता काही जात नाही बाई. तू त्या तलावाचा फोटो तरी आणून दे. घरूनच हात जोडीन."

ह्यांना सांगितलं तर हसले. "अगं, फोटो हजार मिळतील. दुकानातून आणू एक."

"दुकानातल्या फोटोत वाघ असतो," मी म्हटलं. "आईंना तलाव हवाय. पहाटेचा."

धाकट्या भावजींचा जुना कॅमेरा कपाटात पडून होता. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, कॅमेऱ्याशी माझा संबंध स्नेहसंमेलनापुरता. मोबाइलवर काढला असता, पण आत मोबाइल वापरायला बंदी. मग भावजींनाच फोन केला. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या, त्या तुम्हालाही उपयोगी पडतील. पहिली, धुकं पांढरं असल्यामुळे कॅमेरा फसतो, त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो सगळं राखाडी करून टाकतो. म्हणून उजेडाचा आकडा आपण एक घर वाढवून ठेवायचा. दुसरी, पहाटे उजेड कमी, त्यामुळे हात जरा हलला की फोटो पुसट येतो. गाडीत तिकाटणं मांडता येत नाही, तेव्हा धान्याची पिशवी करून गाडीच्या दांडीवर ठेवायची आणि तिच्यात कॅमेरा रुतवायचा. तिसरी, डोळा लावायच्या काचेवर श्वास सोडायचा नाही, ती लगेच धुरकटते. मी ह्यांच्या जुन्या पॅंटचा पाय कापून पिशवी शिवली आणि तिच्यात दोन किलो तांदूळ भरले. आई बघत होत्या. म्हणाल्या, "देवाले शिधाही चालला म्हणायचा!"

आईंजवळ कोणीतरी हवं म्हणून हे घरी राहिले. मी आणि माझी नणंद पहाटे साडेचारला चंद्रपुराहून निघालो. मोहर्ली तासाभराच्या वाटेवर, पण थंडी अशी की दोन शाली पुरेनात. शहरातही हिवाळ्यात सकाळी पांढरं दिसतं, पण ते निम्मं धुकं आणि निम्मा धूर. दारात वाळत घातलेल्या कपड्यांवरून बोट फिरवलं तर कळतं. मोहर्लीला मात्र श्वास घेतला तो नुसता गवताच्या वासाचा.

जिप्सीत आमच्याबरोबर नागपूरचं चौघांचं कुटुंब होतं. त्यांना वाघ बघायचा होता, आणि का नसावा? एवढे पैसे मोजून कोणी पाणी बघायला येत नाही. मी गाइडला हळूच सांगितलं, "मला तलावापाशी पाच मिनिटं हवीत." त्याने माझ्याकडे, मग माझ्या तांदळाच्या पिशवीकडे पाहिलं. वाटेत गोंड राजांच्या काळचे उंच दगडी खांब लागले. राजाची स्वारी निघाली की या खांबांना बांधलेल्या दोरांवरून घंटा वाजवत निरोप पुढे जायचा, असं त्याने सांगितलं.

आणि मग वळण घेतलं नि तलाव आला. आला म्हणजे काय, दिसलाच नाही! आईंनी सांगितलं होतं अगदी तसंच. वाऱ्याची झुळूक नव्हती. अशी निवांत, निरभ्र रात्र असली की जमीन लवकर गारठते, पण पाणी दिवसाची ऊब धरून ठेवतं. टेकड्यांवरची गार हवा जड होऊन खाली उतरते, तलावाच्या खोलगटात साचते आणि पाण्यावरची वाफ तिथल्या तिथे थिजते. मी मुलांना वर्गात हेच शिकवते, गरम भातावरून झाकण काढल्यावर दिसते त्या वाफेचं उदाहरण देऊन. पण एवढं मोठं पातेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. गाडी थरथरायची थांबली. धुकं हळूहळू वर उचललं जात होतं आणि खाली पाणी आरशासारखं स्थिर होतं. पलीकडची झाडं एकदा सरळ, एकदा उलटी. उलटी जरा गडद. एक पाणकावळा बुडाला, तेवढा एकच वळसा पाण्यावर पसरत गेला. नागपूरची लहान मुलगीसुद्धा गप्प बसली होती. मी पिशवी दांडीवर ठेवली, श्वास रोखला आणि फोटो काढले. चार का पाच. एक तर इतका सुरेख जमला की मी मनात म्हटलं, झालं काम.

तेवढ्यात मागच्या बाजूला चितळ ओरडलं. एकदा, पुन्हा एकदा. "कॉल आहे!" गाइड म्हणाला आणि ड्रायव्हरने गाडी सुरू केली. माझी पाच मिनिटं दोन मिनिटांतच संपली. मी काही बोलले नाही. बाकीच्यांचा वाघ माझ्यासाठी का चुकवायचा? गाडीने हिसका घेतला, माझं बोट बटणावरच होतं, आणि एक फोटो आपोआप निघाला. गाइडने जाताजाता डावीकडे हात केला, "ते बघा, तारूचं झाड." मी वळेपर्यंत धुकं पुन्हा आड आलं होतं. पुढे वाघाची शेपटी तेवढी दिसली. नागपूरकर खूष. मी मात्र हिरमुसले. ज्याला नारळ बोलला होता, त्याला मी नीट नमस्कारही केला नव्हता.

स्टुडिओतून सगळे फोटो मोठे करून आणले. आईंना चष्मा दिला आणि तो सुरेख फोटो आधी पुढे केला. त्यांनी बराच वेळ पाहिला. म्हणाल्या, "छान आला. पण झाड कुठी हाय वो बाई?"

मला काय बोलावं कळेना. एकेक फोटो दाखवला. प्रत्येकाला तोच प्रश्न. शेवटी तो वाकडा फोटो निघाला. मी तो बाजूला सारणार, तोच आईंनी माझा हात धरला. बोट ठेवलं ते बरोबर डाव्या कडेवर. तिथे धुक्यातून डोकावणारी ती काळपट आकृती होती. मी ती पाहिलीही नव्हती.

"हे काय. हेच," म्हणाल्या. काठी बाजूला ठेवून त्यांनी दोन्ही हात जोडले. डोळे मिटून पुटपुटल्या ते मला ऐकू आलं नाही. फक्त ह्यांचं घरातलं लाडाचं नाव तेवढं कळलं.

हे दारात उभे होते. आता हसत नव्हते. मुकाट्याने स्वयंपाकघरात गेले, नारळ आणला, फोटोसमोर फोडला आणि आईंच्या पाया पडले. तीन वर्षांच्या पोरासाठी बोललेला नारळ त्याच पोराने फोडला. तोपर्यंत त्याच्या कानशिलावरचे केस पांढरे व्हायला लागले होते.

त्या पिशवीतले तांदूळ मी डब्यात परत ओतले नाहीत. नारळाचं खोबरं आणि गूळ घालून गोड भात केला. आईंनी पहिला घास फोटोपुढे ठेवला, दुसरा ह्यांना भरवला.